सोन्याचा थेंब आणि सूर्यप्रकाश : अर्धवाहक नॅनोवायरचा इतिहास



आजचा विषय आहे अर्धवाहक नॅनोवायर. म्हणजे सिलिकॉन, गॅलियम आर्सेनाइड, इंडियम फॉस्फाइड, झिंक ऑक्साइड अशा पदार्थांच्या अतिशय बारीक तारा. बारीक म्हणजे किती? माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड धरू. आपण ज्या तारांविषयी बोलणार आहोत त्यांची जाडी बहुतेक वेळा ५० ते ३०० नॅनोमीटर असते. म्हणजे एका केसाच्या जाडीत अशा तीन-चारशे तारा शेजारी शेजारी सहज मावतील. दृश्य प्रकाशाच्या लहरींची लांबी असते साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर. तार ही प्रकाशाच्या लहरीपेक्षाही बारीक, एवढी एक गोष्ट लक्षात ठेवू. पुढचं बरंचसं त्यातूनच निघतं.

या तारांची गोष्ट सहसा यशोगाथा म्हणून सांगितली जाते. शोध लागला, प्रयोग झाले, आता सौरऊर्जेत क्रांती होणार! आम्हाला हा इतिहास तसा सरळ दिसत नाही. गच्चीवर बसवलेलं सोलर पॅनेल बघा, त्यात नॅनोवायर नाही. साधी सपाट सिलिकॉनची चकतीच आहे. मग जगभरच्या प्रयोगशाळांनी या तारांवर इतकी वर्षं जे काम केलं, ते गेलं कुठे? हा प्रश्न मनात ठेवून आपण सुरुवातीपासून बघू.

सुरुवात होते एका कटकटीपासून. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या टेलिफोन आणि रेडिओच्या उपकरणांत विचित्र बिघाड होऊ लागले. धातूच्या भागांना गंज चढू नये म्हणून कॅडमियमचा मुलामा देत असत. काही महिन्यांनी त्या मुलाम्यातून केसासारखे बारीक धातूचे तंतू आपोआप बाहेर येत, शेजारच्या भागाला टेकत आणि शॉर्ट सर्किट होत असे. १९४८ मध्ये बेल कंपनीच्या टेलिफोन लाइनवरचे फिल्टर याच कारणाने बंद पडले. कॅडमियम सोडून कथील वापरलं, तर कथलातूनही तेच! इंग्रजीत या तंतूंना 'व्हिस्कर' हे नाव पडलं, म्हणजे मांजराच्या मिशा. पुढे कथलात थोडं शिसं मिसळलं की मिशा कमी येतात हे लक्षात आलं आणि उद्योगाने सुटकेचा श्वास घेतला. पण प्रश्न कायमचा सुटला नाही. १९९८ मध्ये 'गॅलेक्सी ४' हा दळणवळण उपग्रह निकामी झाला, तेव्हाही संशय कथलाच्या मिशांवरच गेला.

उद्योगाच्या दृष्टीने ही डोकेदुखी होती. पण बेलच्या प्रयोगशाळेतल्या काही लोकांना वाटलं, हे तंतू वाढतात तरी कसे ते बघू या. १९५२ मध्ये हेरिंग आणि गाल्ट या दोघांनी कथलाच्या मिशा वाकवून पाहिल्या. नेहमीचं कथील मऊ असतं, सहज वाकतं आणि वाकलेलंच राहतं. या मिशा मात्र वाकवून सोडल्या की पुन्हा सरळ होत. त्यांची ताकद जवळजवळ निर्दोष स्फटिकाइतकी भरली. बारीक तंतूत स्फटिकाचे दोषच फारसे नसतात, हे कळलं. बारीक असणं हा केवळ आकाराचा भाग नाही, त्याने पदार्थाचा स्वभाव बदलतो, हा धडा पुढे फार उपयोगी पडणार होता.

आता मिशा वाढतात कशा? त्या वेळचं मान्य उत्तर असं होतं की स्फटिकाच्या मध्यातून जिन्यासारखा गोल वर जाणारा एक दोष असतो आणि त्या जिन्याच्या पायरीवर अणू बसत बसत तंतू लांब होतो. पाऱ्याच्या मिशांसाठी हे स्पष्टीकरण छान लागू पडलं. मग लोकांनी ते सगळीकडेच लावलं.

इथे वॅग्नर आणि एलिस यांचा प्रवेश होतो. हे दोघंही न्यू जर्सीतल्या मरे हिल इथल्या बेल प्रयोगशाळेत काम करत. सिलिकॉनच्या मिशा तपासताना त्यांना तीन गोष्टी खटकल्या. एक, या मिशांच्या आत तो जिन्यासारखा दोष सापडत नाही. दोन, अगदी शुद्ध सिलिकॉन घेतलं तर मिशा येतच नाहीत, कुठल्यातरी परक्या धातूचा अंश लागतोच. आणि तीन, वाढणाऱ्या मिशीच्या टोकावर एक बारीक गोळी दिसते. १९६४ मध्ये त्यांनी छोटासा शोधनिबंध लिहून या तिन्ही गोष्टींचा एकत्र अर्थ लावला.

त्यांचा प्रयोग असा. सिलिकॉनच्या चकतीवर सोन्याचा बारीक कण ठेवायचा आणि तापवायचं. सिलिकॉन एकटं १४१४ अंश सेल्सिअसला वितळतं, सोनं १०६४ अंशांना. पण दोघांचं योग्य मिश्रण झालं की ते ३६३ अंशांनाच वितळतं. म्हणजे चकती घट्टच राहते आणि तिच्यावर सोनं-सिलिकॉनचा एक थेंब तयार होतो. आता वरून सिलिकॉन असलेला वायू सोडायचा. थेंब वायूतलं सिलिकॉन पिऊ लागतो. पितो, पितो, आणि एका क्षणी त्याच्यात आणखी मावत नाही. मग जादा झालेलं सिलिकॉन थेंबाच्या तळाशी, खालच्या स्फटिकावर, थरावर थर बसत जातं.

खडीसाखर कशी करतात ते आठवा. साखरेचा दाट पाक करायचा, त्यात दोरा सोडायचा आणि पाकातली जादा साखर दोऱ्यावर खड्यांच्या रूपाने जमते. इथे पाक म्हणजे तो थेंब. फरक इतकाच, की वरून सतत साखर पडते आहे, खाली स्फटिक वाढतो आहे आणि पाकाचा थेंब त्या स्फटिकाच्या डोक्यावर बसून वर वर चालला आहे. थेंब जेवढा रुंद, तेवढी तार जाड. थेंब लहान केला की तार बारीक. वायू, द्रव आणि घन अशा तीन अवस्थांतून जाणारी म्हणून या पद्धतीला 'बाष्प-द्रव-घन' पद्धत म्हणतात. आजही बहुतेक नॅनोवायर याच तत्त्वावर वाढवतात.

एक योगायोग सांगायला हवा. त्याच बेल प्रयोगशाळेत, दहा वर्षं आधी, १९५४ मध्ये चॅपिन, फुलर आणि पिअर्सन यांनी सिलिकॉनचा पहिला व्यवहारात वापरता येईल असा सौरघट जगाला दाखवला होता. कार्यक्षमता होती सुमारे ६ टक्के. म्हणजे सौरघट आणि सिलिकॉनची तार एकाच घरात जन्माला आली. पण दोघांची भेट व्हायला आणखी चाळीस वर्षं जावी लागली.

इतका उशीर का? आम्हाला याची दोन कारणं दिसतात. पहिलं म्हणजे १९६४ नंतर सगळं लक्ष सपाट चिपकडे वळलं. एकाच चकतीवर हजारो ट्रान्झिस्टर छापता येत असताना उभ्या मिशांकडे कोण बघणार? दुसरं म्हणजे इतकी बारीक तार एकेकटी हाताळायची, तिला विजेची टोकं जोडायची, तिच्यातून येणारा प्रकाश मोजायचा, याची साधनंच नव्हती. या मधल्या काळात मॉस्कोच्या गिव्हार्गिझोव्ह यांच्यासारख्या मोजक्या लोकांनी हा विषय जिवंत ठेवला. १९७५ च्या त्यांच्या लेखात थेंबाखालच्या वाढीचं बारकाईने केलेलं विश्लेषण आहे. ज्या विषयाला बाजारात भाव नाही त्याचा कोणीतरी नेटाने सांभाळ करतो आणि पुढची पिढी त्यावर उभी राहते. विज्ञानाच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा दिसतं.

१९९० च्या सुमाराला जपानमधल्या हिताची कंपनीच्या प्रयोगशाळेत हिरुमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅलियम आर्सेनाइड आणि इंडियम आर्सेनाइडच्या नॅनोमीटरच्या मापातल्या मिशा वाढवल्या. १९९२ मध्ये त्यांनी अशा तारांमध्ये दोन प्रकारच्या अर्धवाहकांचा सांधा, म्हणजे पी-एन जोड, तयार करून त्यातून प्रकाश काढून दाखवला. हे सिलिकॉन नाही हे महत्त्वाचं. सिलिकॉन प्रकाश शोषतं पण बाहेर टाकायला कंजूष. गॅलियम आर्सेनाइड दोन्ही कामं चोख करतं. १९९८ मध्ये हार्वर्डच्या मोरालेस आणि लीबर यांनी लेझरच्या माऱ्याने धातूचे अतिसूक्ष्म थेंब तयार करून खऱ्या अर्थाने नॅनोमापाच्या तारा काढल्या. आणि मग या विषयाला पूर आला.

प्रकाशाच्या अंगाने २००१ हे वर्ष फार महत्त्वाचं. त्या वर्षी बर्कलेला पैदाँग यांग यांच्या गटाने नीलमण्याच्या पृष्ठभागावर झिंक ऑक्साइडच्या उभ्या तारांचं रान वाढवलं आणि त्यावर प्रकाशाचा मारा केला. प्रत्येक तार स्वतःच एक लेझर बनली! साध्या खोलीच्या तापमानाला ३८५ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश बाहेर आला. लेझरला काय लागतं? प्रकाश वाढवणारा पदार्थ आणि दोन्ही बाजूंना आरसे. तारेचा पदार्थ प्रकाश वाढवतो आणि तारेची दोन सपाट टोकंच आरशाचं काम करतात. वेगळे आरसे बसवायचीही गरज नाही. स्फटिकाने वाढता वाढता स्वतःच यंत्र तयार केलं.

त्याच वर्षी लीबर यांच्या गटाने इंडियम फॉस्फाइडची एकच तार घेऊन दाखवलं की ती प्रकाशाची दिशा ओळखते. प्रकाशाचं कंपन तारेच्या लांबीला समांतर असेल तर ती त्याला भरभरून प्रतिसाद देते, आडवं असेल तर जवळजवळ दुर्लक्ष करते. २००३ मध्ये त्याच गटाने कॅडमियम सल्फाइडच्या तारेत थेट वीज सोडून लेझर चालवला. म्हणजे तार ही प्रकाशासाठी पन्हळीसारखी वाट आहे आणि अँटेनाही आहे, हे स्पष्ट झालं.

आता सूर्याकडे येऊ. सौरघटात दोन कामं असतात. एक, प्रकाश शोषणं. दोन, प्रकाशामुळे सुटे झालेले विद्युतभार वाटेत वाया न जाऊ देता सांध्यापर्यंत पोचवणं. सिलिकॉन तांबड्या आणि अवरक्त प्रकाशाला सहज पकडत नाही, म्हणून चकती जाड हवी. पण चकती जाड केली की खोलवर सुटलेल्या भारांना लांबचा प्रवास करावा लागतो. सिलिकॉन अतिशुद्ध असेल तरच ते पोचतात, आणि अतिशुद्ध म्हणजे महाग. जाडी वाढवावी तर शुद्धतेचा खर्च, कमी करावी तर प्रकाश निसटतो. अशी ही ओढाताण.

२००५ मध्ये कॅल्टेकच्या केज, अ‍ॅटवॉटर आणि लुइस यांनी कागदावर एक सोपी युक्ती मांडली. तार उभी ठेवा आणि सांधा तिच्या सालीसारखा भोवती गुंडाळा. प्रकाश वरून खाली, तारेच्या पूर्ण लांबीत शोषला जाईल. भारांना मात्र आडवं, गाभ्यापासून सालीपर्यंत, एवढंसं अंतर जायचं. दोन दिशा वेगळ्या केल्या की ओढाताण संपली. मग थोडं अशुद्ध, स्वस्त सिलिकॉनही चालेल! २००७ मध्ये लीबर यांच्या गटाने अशी गाभा-साल रचनेची एकच सिलिकॉनची तार घेऊन तिच्यावर सौरघट चालवून दाखवला. कार्यक्षमता ३.४ टक्क्यांपर्यंत.

वाटेत एक गंमतशीर अडचण आली. सोन्याचा थेंब तार वाढवतो, पण जाताना सोन्याचे काही अणू सिलिकॉनमध्ये मागे ठेवून जातो. सिलिकॉनमध्ये सोनं म्हणजे विष. सुटे झालेले विद्युतभार तिथे अडकतात आणि नाहीसे होतात. ज्याने जन्म दिला त्यानेच काम बिघडवलं. कॅल्टेकच्या लोकांनी म्हणून सोन्याऐवजी तांबं घेतलं. २०१० मध्ये त्यांनी दीड-दोन मायक्रोमीटर जाडीच्या, म्हणजे नॅनोपेक्षा जाड पण त्याच पद्धतीच्या, तारांचं रान तयार केलं. वरून बघितलं तर तारांनी जागा व्यापली होती ५ टक्क्यांहून कमी. तरी मागे परावर्तक आणि मध्ये प्रकाश पसरवणारे कण घालून या रानाने काही रंगांचा ९६ टक्क्यांपर्यंत प्रकाश शोषला. नेहमीच्या चकतीला लागतं त्याच्या सुमारे शंभराव्या भागाइतक्या सिलिकॉनमध्ये!

५ टक्के जागा आणि ९६ टक्के प्रकाश? परावर्तक आणि कणांचा त्यात मोठा वाटा आहे. पण तार आणखी बारीक केली, लहरीच्या मापाची केली, की एक वेगळीच गोष्ट घडते. लहरीला तारेच्या बाजूने जाताना तार जाणवते आणि ती आत ओढली जाते. लहान वस्तू स्वतःच्या सावलीपेक्षा मोठ्या भागातला प्रकाश गिळू शकते, हे क्रेग बोरेन यांनी १९८३ मध्येच एका सुंदर लेखात समजावून सांगितलं होतं. २०१३ मध्ये स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या गटाने इंडियम फॉस्फाइडच्या १८० नॅनोमीटर जाडीच्या तारांचा सौरघट केला. तारांनी जागा व्यापली १२ टक्के, आणि सपाट घटाच्या तुलनेत विद्युतप्रवाह मिळाला ८३ टक्के. कार्यक्षमता १३.८ टक्के, आणि ही पूर्ण क्षेत्रफळावर मोजलेली.

'पूर्ण क्षेत्रफळावर' हे आम्ही मुद्दाम म्हटलं. कारण त्याच वर्षी आणखी एक आकडा गाजला. कोपनहेगन आणि लोझान इथल्या संशोधकांनी सिलिकॉनवर उभ्या असलेल्या गॅलियम आर्सेनाइडच्या एकाच तारेची 'आभासी' कार्यक्षमता ४० टक्के सांगितली. शॉकली आणि क्वाइसर यांनी १९६१ मध्ये घातलेल्या हिशोबाप्रमाणे एका सांध्याच्या घटाची कमाल मर्यादा ३३ टक्क्यांच्या आसपास येते. मग बातम्या झाल्या: मर्यादा मोडली!

खरंच मोडली का? पावसाळ्यात पन्हळीखाली घागर ठेवा. घागरीत जमलेलं पाणी घागरीच्या तोंडाच्या क्षेत्रफळाने भागा आणि पाऊस किती झाला ते सांगा. गावाला महापूर यायला हवा होता इतका पाऊस निघेल! पाणी खोटं नाही, भागाकारही बरोबर आहे. फक्त पाणी अख्ख्या छपराचं आहे आणि भागलंय घागरीच्या तोंडाने. एकट्या तारेचं तसंच. समजा तिने स्वतःच्या जागेच्या आठपट जागेतला प्रकाश ओढला, तर ४० टक्क्यांचे खरे ५ टक्के होतात. संशोधकांनी 'आभासी' हा शब्द स्वतःच वापरला होता, लबाडी कुणी केली नाही. बातमीत तो शब्द गळला. आणि तारा शेजारी शेजारी उभ्या केल्या की त्या एकमेकींच्या वाट्याचा प्रकाश घेऊ लागतात, पन्हळ वाटून घ्यावी लागते. म्हणून कार्यक्षमतेचा आकडा समोर आला की पहिला प्रश्न विचारायचा: भागाकार कशाने केला? सार्वजनिक पैसा कुठल्या संशोधनाला द्यायचा हे जिथे ठरतं, तिथे तर हा प्रश्न विचारायलाच हवा.

आणि आता मूळ प्रश्नाकडे. गच्चीवर नॅनोवायर का आली नाही? या सगळ्या कामामागचं मोठं कारण होतं की शुद्ध सिलिकॉन महाग आहे. २००८ मध्ये त्याचा बाजारभाव किलोला ४०० डॉलरच्या वर गेला होता. अशा वेळी शंभराव्या भागात काम भागवणारी तार म्हणजे वरदानच. पण नवे कारखाने उभे राहिले, विशेषतः चीनमध्ये, आणि २०१२ च्या अखेरीला तोच भाव २० डॉलरच्या आसपास आला. जे वाचवायचं होतं तेच स्वस्त झालं. सपाट चकतीची पॅनेलं २० टक्क्यांच्या पुढे गेली. एका दृष्टीने नॅनोवायरचा पराभव प्रयोगशाळेत झालाच नाही, तो बाजारात झाला. उत्तर बरोबर होतं, तेवढ्यात प्रश्नच बदलला.

मग काम वाया गेलं का? आमचं म्हणणं, नाही. प्रकाश बारीक तारेत कसा शिरतो, थांबतो, बाहेर पडतो, हे ज्ञान सौरघटासाठी मिळवलं आणि ते दुसरीकडे कामी आलं. ग्रेनोबलच्या गटाने २०१० मध्ये गॅलियम आर्सेनाइडच्या तारेत एक क्वांटम बिंदू बसवला आणि एका वेळी एकच फोटॉन देणारा स्रोत केला, तो ७२ टक्के कार्यक्षमतेने. गुप्त संदेशवहनासाठी असे स्रोत लागतात. तिथल्याच अलेडिया या कंपनीने सिलिकॉनवर गॅलियम नायट्राइडच्या तारा वाढवून पडद्यांसाठी सूक्ष्म एलईडी करायला घेतले. वेगळ्या मापाचे स्फटिक एकमेकांवर बसवले की एरवी तडे जातात. तार बारीक असल्याने ताण बाजूने सोडून देते, त्यामुळे हे जमतं. आपल्याकडे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत इंडियम आर्सेनाइडच्या तारा तंबोऱ्याच्या तारेसारख्या दोन टोकांना ताणून त्यांची कंपनं अभ्यासली गेली. आणि अंतराळातल्या किरणोत्सर्गाला तारांचे सौरघट सपाट घटांपेक्षा चांगले तोंड देतात, असं कॅल्टेकच्या गटाने दाखवलं. तिथे किलोचा भाव वेगळा आणि वजनाचा हिशोबही वेगळा. कदाचित तारेची सूर्याशी खरी गाठ तिथे पडेल.

एक गोष्ट उरते. वॅग्नर आणि एलिस यांना सौरघट करायचा नव्हता, लेझर तर नाहीच. टोकावर दिसणारी गोळी तिथे का आहे, एवढंच त्यांना समजून घ्यायचं होतं. त्या गोळीचा उपयोग काय, असं तेव्हा कुणी विचारलं असतं, तर देता येण्यासारखं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. संशोधनाचा उपयोग आधीच लिहून द्या, असं आज जेव्हा आपल्या विद्यापीठांत सांगितलं जातं, तेव्हा या गोळीची आठवण ठेवायला हरकत नाही.